‘तोल जाणे’ आणि ‘झोक जाणे’ : अर्थ, छटा आणि वापर

केतकीबन यांचा प्रश्न

आमच्या वस्तीतील ज्येष्ठ नागरिक संघासाठी एक मराठी प्रश्नपत्रक तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. आरोग्य तपासणीला येण्यापूर्वी प्रत्येकाने ते भरून द्यावे, म्हणजे पडण्याचा धोका कोणाला अधिक आहे हे फिजिओथेरपिस्टना आधीच कळेल, असा त्यामागचा हेतू आहे. मूळ पत्रक इंग्रजीत होते. त्याचा जो मराठी मसुदा माझ्या हाती आला, त्यात पहिलाच प्रश्न असा होता : ‘आपण चालताना वारंवार संतुलन गमावता का?’ बहुतेकांनी त्यापुढे ‘नाही’ असे लिहून दिले. त्याच मंडळींशी मी समोर बसून बोलले, तेव्हा मात्र कोणी ‘हल्ली चक्कर येते’ म्हणाले, कोणी ‘पाय लटपटतात’ म्हणाले, तर साताऱ्याकडच्या एका आजींनी मला स्पष्टच सांगितले, ‘चक्कर नाही गं बाई, डोकं अगदी ठिकाणावर असतं, चालताना नुसता झोक जातो.’

तेव्हापासून हा ‘झोक’ माझ्या मनातून जात नाही. माझ्या घरी आम्ही ‘तोल गेला’ असेच म्हणत आलो आहोत आणि ‘झोक’ हा शब्द मला ‘झोकात चालणे’ या अर्थानेच अधिक परिचयाचा आहे. ‘तोल जाणे’ आणि ‘झोक जाणे’ यांचा अर्थ एकच आहे की त्यांच्यात काही भेद आहे? ऐटीत चालण्याला आणि पडण्याला एकच शब्द कसा काय चालतो? ‘झोक जाणे’ हे छापील पत्रकात शोभेल, की ते बोलीपुरतेच ठेवावे? आणि चक्कर, भोवळ, घेरी या शब्दांशी या दोहोंचे नाते काय, हेही जाणकारांनी सांगितले तर पत्रक नव्याने लिहिताना मला फार मदत होईल.

पाणवठा यांचे उत्तर

दोन्ही शब्द एकाच प्रसंगी वापरले जातात, म्हणून ते समानार्थी वाटतात. परंतु त्यांची मुळे दोन वेगळ्या कल्पनांमध्ये आहेत आणि ती मुळे आजही वाक्यात जाणवतात.

‘तोल’ हा मुळात वजनाचा शब्द आहे. संस्कृतातील ‘तुल्’ म्हणजे वजन करणे, या धातूपासून तुला, तुलना, तुल्य, अतुल हे शब्द झाले, आणि मराठीतले तोलणे, तोळा आणि छपराचा भार पेलणारी तुळई हे शब्दही त्याच कुळातले आहेत. बाजार समितीत कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर हमाली आणि वाराई यांच्याबरोबर ‘तोलाई’ लिहिलेली असते आणि माल मोजून देणाऱ्या परवानाधारकाला ‘तोलणार’ म्हणतात, ते याच अर्थाने. आधी वजन, मग दोन पारड्यांतल्या वजनांची बरोबरी, आणि त्यातून शरीराच्या भाराची दोन्ही पायांवर राहणारी बरोबरी, असा या शब्दाचा प्रवास दिसतो. ‘तोल गेला’ म्हणजे ती बरोबरी मोडली. ती कोणत्या बाजूला मोडली, हळूहळू मोडली की एकदम, याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही.

‘झोक’ हा हालचालीचा शब्द आहे. झुकणे, झोका, झोकणे, झोकून देणे, झोकांडी हे सारे त्याचे सोयरे आहेत. चालणाऱ्या प्रत्येक शरीराला एक झोक असतो, कारण चालणे म्हणजे एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत जाणे. हा झोक ताब्यात असेल तर तो डोळ्यांना सुंदर दिसतो, म्हणूनच आपण ‘झोकात चालला’, ‘झोकदार फेटा बांधला’ असे कौतुकाने म्हणतो. तोच झोक ताब्याबाहेर गेला की ‘झोक गेला’. केतकीबन यांना जो विरोध वाटतो तो म्हणूनच वरवरचा आहे, कारण दोन्हीकडे गोष्ट एकाच हेलकाव्याची आहे आणि भेद केवळ तो आवरण्या-न आवरण्याचा आहे. याच हालचालीतून ‘बोलण्याचा झोक’ म्हणजे बोलण्याचा रोख हा तिसरा अर्थ आला. ‘त्यांच्या एकंदर बोलण्याचा झोक नकाराकडे होता’ हे वाक्य आज कमी ऐकू येते, पण ते चोख मराठी आहे. जुन्या छापील मजकुरात हाच शब्द ‘झोंक’ असा अनुस्वारासह आढळतो. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे आता ‘झोक’ असेच लिहावे.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे, कारण खरी सूक्ष्मता तिथेच आहे. तोल सांभाळतात, राखतात, सावरतात, साधतात. आणि तो जातो, सुटतो, ढळतो, बिघडतो. यात ‘सांभाळणे’ आणि ‘सावरणे’ एक नव्हे. बांधावरून चालणारा माणूस पहिल्या पावलापासून तोल सांभाळत असतो. ‘त्याने तोल सावरला’ असे म्हटले की तो जाऊ लागला होता आणि पडता पडता त्याने आवरला, एवढी घटना त्या एका क्रियापदात येते. पडण्याच्या धोक्याविषयीच्या पत्रकात हा भेद फार मोलाचा आहे, कारण ‘पडलात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाने दिवसातून अनेकदा तोल सावरलेला असू शकतो.

मनाकडे वळणारा शब्द मात्र ‘तोल’ हाच आहे. ‘मनाचा तोल ढळला’, ‘बोलताना त्यांचा तोल सुटला’ असे आपण म्हणतो. ‘रागाच्या भरात त्यांचा झोक गेला’ असे कोणीही म्हणणार नाही.

शेवटी मसुद्यातील ‘संतुलन गमावणे’ या रचनेविषयी. मराठीत ‘माझा तोल गेला’ अशी रचना होते. तीत तोल हा कर्ता असतो आणि माणूस षष्ठीत असतो, कारण घडते ते त्याने केलेले नसते. ते त्याच्या बाबतीत घडते. ‘मी संतुलन गमावले’ या वाक्यात माणूस कर्ता होतो आणि दोष आपोआप त्याच्याकडे येतो. शिवाय माणूस गमावतो ती संधी, पैसा, विश्वास किंवा जवळचे माणूस. ज्यांनी आयुष्यभर ‘झोक जातो’ हे म्हटले आहे, त्यांना ‘गमावता का?’ या प्रश्नात स्वतःची तक्रार ओळखूच आली नसणार.

भीमथडी यांचे उत्तर

‘झोक जाणे’ हे गावंढळ नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आमच्याकडे शिकलेली आणि न शिकलेली माणसे हा शब्द सारख्याच सहजतेने वापरतात, आणि जिथे तो वापरतात तिथे ‘तोल’ तितकासा नेमका बसत नाही.

याचे कारण पाणवठा यांच्या विवेचनात आलेच आहे, पण मी ते शेताच्या बाजूने सांगतो. ‘झोक’ या शब्दाला दिशा चिकटते. ‘डोक्यावर भारा होता, डाव्या अंगाला झोक गेला आणि बांधाखाली गेलो’ असे बोलणे आमच्याकडे रोजचे आहे. ‘डाव्या अंगाला तोल गेला’ हे चुकीचे नसले तरी कानाला उपरे वाटते. झोक कुठे गेला हे सांगता येते, कारण तो कुठेतरी जातो. तोल नुसता जातो. बैलगाडीच्या बाबतीत तर याहून नेमके बोलण्याची सवय होती. मागच्या बाजूला भार जास्त झाला आणि जू वर उचलले जाऊ लागले, की गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणत, आणि मग दोन पोती पुढे सरकवून ती सारखी करत. भरलेली गाडी चढणीला लागली की कोणीतरी पुढे दांडीवर बसायचे, तेही याचसाठी. गाडी एका बाजूला झुकली तर ती ‘कलली’ आणि पार आडवी झाली तर ‘कलंडली’. माणूस कलंडत नाही. निदान उभा माणूस तरी नाही. बसल्या बसल्या झोपेने आडवा झाला तर तो कलंडला किंवा लवंडला, एवढेच.

पत्रकात एक शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे ‘झोकांड्या’. ‘झोक’ एकदा जातो. झोकांड्या पावलोपावली जातात, आणि ‘झोकांड्या खात घरी आला’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दारूच येते. ‘भेलकांडणे’ या शब्दाचेही थोडेफार तसेच आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘तुम्ही झोकांड्या खाता का?’ असे छापून विचारले, तर तो पत्रक परत करील, आणि त्याचा राग रास्तच असेल.

रुग्णसेवक यांचे उत्तर

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न रोज समोर येतो. रुग्ण खुर्चीत बसतो आणि म्हणतो, ‘चक्कर येते.’ निदान तिथून पुढे सुरू होते, कारण मराठी माणूस ‘चक्कर’ या एका शब्दाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी सांगत असतो. त्या चारही गोष्टींसाठी आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत, आणि ते रुग्णाच्या तोंडून काढून घेता आले तर अर्धे निदान तपासणीआधीच होते. आजींनी ‘चक्कर नाही, झोक जातो’ असे जे सांगितले, ते वैद्यकीयदृष्ट्या इतके अचूक आहे की त्याची मला नोंद घ्यावीशी वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे गरगरणे. यात माणूस स्थिर असतो आणि त्याच्याभोवतीची खोली फिरते. ‘भोवळ’ आणि ‘घेरी’ हे शब्द या अनुभवाला सर्वांत जवळचे आहेत, कारण दोहोंत फिरण्याची कल्पना आहे. रुग्ण हल्ली याला ‘व्हर्टिगो’ही म्हणतात. याचे सर्वांत नेहमीचे कारण आतल्या कानात असते. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या हालचालीची बातमी मेंदूला देतात. शेजारच्या कप्प्यातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सुटून या नलिकांपैकी एखादीत गेले, की अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना सगळे घर फिरू लागते. ते बहुधा मिनिटभरातच थांबते. डोके आणि मान ठरावीक क्रमाने वळवून ते कण मूळ जागी आणता येतात आणि अनेकदा त्यासाठी गोळीचीही गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट ‘डोळ्यांपुढे अंधारी येणे’. ही उठताना येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर त्याला आम्ही उभे राहण्याने होणारी रक्तदाबाची घसरण म्हणतो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या, अंगातले पाणी कमी होणे, मधुमेह ही तिची नेहमीची कारणे आहेत. ती वाढली तर माणूस खरोखर शुद्ध हरपून पडतो आणि त्याला आपण ‘झीट येणे’ म्हणतो. अंधारी आणि भोवळ या दोन्हींना चक्करच म्हटले, तर कानाचे औषध रक्तदाबाच्या रुग्णाला दिले जाते, आणि असे घडलेले मी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट आजींची. डोके स्वच्छ, खोली जागच्या जागी, डोळ्यांपुढे अंधार नाही. फक्त चालताना शरीर आवरत नाही. हा खरा ‘झोक जाणे’. याचा उगम पायांच्या नसांमध्ये, मणक्यात किंवा मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत असू शकतो. पायांच्या नसांकडून जमिनीची बातमी वर पोहोचेनाशी झाली, की माणूस ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो. म्हणून असा रुग्ण उजेडात ठीक चालतो आणि डोळे मिटले की ढासळतो. अशा रुग्णांना मी एकच प्रश्न विचारतो : ‘मोरीत उभे राहून तोंडाला साबण लावता आणि डोळे मिटता, तेव्हा काय होते?’ ज्याची या नसांची तक्रार असते तो चटकन सांगतो, ‘तेव्हाच झोक जातो, भिंतीला हात लावावा लागतो.’ एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधील डॉक्टर मोरित्झ रोम्बर्ग यांनी पाय जुळवून आणि डोळे मिटून उभे करण्याची जी चाचणी प्रचारात आणली, तिचाच हा घरगुती आविष्कार आहे. मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही याची दोन नेहमीची कारणे, आणि दूध-दहीही मोजकेच घेणाऱ्या शाकाहारी वृद्धांत दुसरे कारण मी वारंवार पाहतो. अशी माणसे ‘जमीन लागत नाही’, ‘गादीवरून चालल्यासारखे वाटते’ असेही म्हणतात. तेही पत्रकात अवश्य घ्यावे.

भीमथडी यांनी दिशेविषयी जे लिहिले आहे, ते माझ्या दृष्टीने या चर्चेतले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. लहान मेंदूच्या किंवा आतल्या कानाच्या एकाच बाजूला बिघाड असेल, तर रुग्ण सहसा त्याच बाजूला ओढला जातो. त्यामुळे ‘कोणत्या अंगाला झोक जातो?’ हा प्रश्न मी नेहमी याच शब्दांत विचारतो. ‘कोणत्या बाजूला तोल जातो?’ असे विचारले तर रुग्ण क्षणभर थांबतो. ‘झोक’ म्हटले की त्याचा हात आपोआप त्या बाजूला जातो. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की तो केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही.

चौथी गोष्ट पायांची : अडखळणे, ठेच लागणे, पाय घसरणे, पाय उचलला न जाणे. यात तोल नंतर जातो, आधी पाऊल चुकते. कंपवातात पाय घासत पडतात, गुडघा दुखत असेल तर तो मध्येच दगा देतो, आणि कधी कारण शरीरात नसून उंबरठ्यात किंवा ओल्या फरशीत असते. याकडे दुर्लक्ष करू नये, कारण घराची मांडणी बदलणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे.

एक सूचना पत्रकात ठळक छापावी. कालपर्यंत नीट चालणाऱ्या माणसाचा आज अचानक झोक जाऊ लागला, बरोबर जीभ जड झाली, एकाची दोन दिसू लागली किंवा एका बाजूचा हात-पाय दुबळा वाटला, तर पत्रक भरत बसू नये आणि तपासणीच्या दिवसाची वाटही पाहू नये. त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यावे. तो पक्षाघात असू शकतो.

अनुस्वार यांचे उत्तर

वरील विवेचन मोलाचे आहे, तरीही माझी एक हरकत नोंदवतो. पत्रक वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली माणसे वाचणार आहेत, आणि ‘झोक जाणे’ सर्वांच्या कानावर आहे असे गृहीत धरता येणार नाही. खुद्द केतकीबन यांनाच तो या अर्थाने अपरिचित होता. संतुलन, समतोल, असमतोल हे शब्द शासकीय आणि शास्त्रीय लेखनात स्थिरावलेले आहेत. राज्यातील विभागांच्या विकासातील तफावत पाहण्यासाठी १९८३मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीपासून ‘प्रादेशिक असमतोल’ हा शब्दप्रयोग तर वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला आहे. समतोल आहार, पर्यावरणाचा समतोल हेही सर्वांना कळते. मग शरीराच्या बाबतीतच हा शब्द परका का मानावा?

पाणवठा यांचे उत्तर

हरकत योग्य जागी आहे, परंतु तिच्यातील उदाहरणांनीच तिचे उत्तर दिले आहे. आहार, पर्यावरण, विभागांचा विकास या सर्वांत ‘समतोल’ ही दुरून पाहून, अनेक घटकांची तुलना करून ठरवायची अवस्था आहे. शरीराचा तोल हा त्या घटकेचा अनुभव आहे. ‘माझा समतोल गेला’ असे पायरीवरून घसरलेला माणूस म्हणत नाही, मग तो कितीही शिकलेला असो. ‘संतुलन’ फिजिओथेरपिस्टच्या अहवालात ठेवावे, तिथे ते शोभते. प्रश्न मात्र ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याच्या शब्दात असावा. ‘झोक’ सर्वांना माहीत नसेल हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच ‘तोल किंवा झोक जातो का?’ असे दोन्ही शब्द शेजारी छापावेत. ज्याला जो ओळखीचा असेल तो त्याला उत्तर देईल.

बातमीदार यांचे उत्तर

विषयाला धरूनच एक वेगळी बाजू मांडतो, कारण ‘तोल जाऊन’ हे दोन शब्द आमच्या व्यवसायात फार सैलपणे वापरले जातात. ‘तोल जाऊन विहिरीत पडल्याने शेतकऱ्याचा मृत्यू’ अशी बातमी वाचकांनी असंख्य वेळा वाचली असेल. अशा घटनेत पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि चौकशी त्यानंतर होते. बातमी मात्र त्याच संध्याकाळी लिहिली जाते, आणि तिच्यात ‘तोल जाऊन’ येते, जरी पडताना कोणीही पाहिलेले नसले तरी.

पाणवठा यांनी सांगितलेला षष्ठीचा मुद्दा येथे गंभीर होतो. ‘तोल गेला’ या रचनेत कर्ता माणूस नसतो, म्हणून ती वाचली की उडी मारली नाही, कोणी ढकलले नाही आणि पायाखालचा कठडाही ढासळला नाही, असे तिन्ही निष्कर्ष वाचक नकळत काढून मोकळा होतो. कामाच्या ठिकाणी परांचीवरून मजूर पडतो तेव्हाही ‘तोल जाऊन पडला’ असेच लिहिले जाते, आणि सुरक्षा पट्टा दिला होता का, खाली जाळी होती का, हे प्रश्न त्या दोन शब्दांखाली दडपले जातात. पाहणारा साक्षीदार असेल तर ‘तोल जाऊन’ अवश्य लिहावे. नसेल तर ‘विहिरीत पडून मृत्यू’ एवढेच लिहावे. त्याने वाक्य दुबळे होत नाही. नव्याने येणाऱ्या वार्ताहरांना मी हे आग्रहाने सांगतो.

पत्रकाच्या बाबतीतही हे लागू पडते असे मला वाटते. ‘तोल जाऊन पडलात का?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्यात कारण आधीच ठरलेले आहे. आधी ‘पडलात का?’ असे विचारावे आणि मग ‘पडण्याच्या आधी काय झाले?’ असे विचारावे.

केतकीबन

सर्वांची मनापासून आभारी आहे. या चर्चेवरून पत्रकाचा पहिला भाग पुन्हा लिहिला आहे आणि तो येथे देते, म्हणजे काही राहिले असेल तर सांगता येईल.

सुरुवातीला असे विचारले आहे : ‘गेल्या वर्षभरात आपण घरात किंवा बाहेर पडलात का? पडता पडता कशाचा तरी आधार घेऊन सावरलात, असे झाले का?’ त्यानंतर ‘पडण्याच्या किंवा सावरण्याच्या आधी नेमके काय झाले?’ असे विचारून पुढे खुणेसाठी चौकटी दिल्या आहेत. त्यांतील वाक्ये मी शक्य तितकी बोलण्यातली ठेवली आहेत : ‘आजूबाजूचे सगळे गरगर फिरले’, ‘उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली’, ‘डोके ठीक होते, पण चालताना तोल किंवा झोक गेला’, ‘जमीन पायाला लागत नाही असे वाटले’, ‘पाय अडखळला किंवा घसरला’. ज्यांनी तिसरी चौकट भरली असेल त्यांच्यासाठी ‘कोणत्या अंगाला झोक जातो?’ आणि ‘तोंड धुताना डोळे मिटल्यावर असे होते का?’ हे दोन प्रश्न स्वतंत्र घेतले आहेत. पक्षाघाताची सूचना सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत आहे. ‘चक्कर’ हा शब्द कुठेच वापरलेला नाही. तो काढून टाकणे योग्य आहे का, एवढी एक शंका मात्र उरली आहे.

रुग्णसेवक यांचे उत्तर

‘चक्कर’ काढू नये. तो शब्द आपल्या माणसांच्या तोंडी इतका बसलेला आहे की पत्रकात तो दिसला नाही, तर ‘माझा त्रास यात नाही’ असे समजून काही जण पुढचे वाचणारच नाहीत. चौकटींच्या वर एक ओळ घालावी : ‘आपण ज्याला चक्कर म्हणता, ती यांपैकी कोणती?’ बाकी मजकूर मला पटला. फक्त ‘गेल्या वर्षभरात’ याऐवजी ‘गेल्या दिवाळीपासून’ असे लिहावे. माझा अनुभव असा आहे की सणापासून विचारले की माणसांना पडल्याचे प्रसंग नीट आठवतात.

पाणवठा यांचे उत्तर

मजकूर चांगला झाला आहे. एकच दुरुस्ती सुचवतो. ‘आधार घेऊन सावरलात’ यात सावरण्यासाठी आधार लागलाच पाहिजे असा अर्थ निघतो, आणि जो नुसता दोन पावले भलतीकडे टाकून सावरला तो ‘नाही’ लिहील. ‘पडता पडता सावरलात’ एवढेच ठेवावे, आणि आधाराविषयी हवे असल्यास पुढे वेगळे विचारावे.